कॅप्टनच्या खिशातली शिट्टी

तरुणपणी मी दोन उन्हाळे बोटीवर काढले असं कळलं की आमच्या इकडे अमेरिकेत नेपरव्हिलच्या मराठी मंडळींच्या डोळ्यांपुढे पांढराशुभ्र गणवेश उभा राहतो. "मर्चंट नेव्ही का हो, काका?" असं हमखास विचारतात. मी नाही म्हणतो. "मग नेव्ही?" तेही नाही. मग विचारणाऱ्याचा चेहरा जरा पडतो आणि तो बटाटेवड्यांच्या टेबलाकडे सरकतो. यंदा मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या वैशालीने मला पार्किंग लॉटमध्ये गाठलं. "काका, तुमचं ते बर्फातलं लिहून द्या ना. फक्त सायन्स थोडं लाइट ठेवा, मुलं पण वाचतात." मुलं मराठी वाचत नाहीत हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. पण दोघांनीही मान डोलावली.

तर सायन्स लाइट ठेवतो. तसंही त्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझं सगळं सायन्स एका कुकरवर येऊन ठेपलं होतं.

आमच्या बोटीचं नाव 'विलो'. शिडाची, पोलादी सांगाड्याची, लांबीला एस.टी.च्या गाडीपेक्षा थोडी जास्त. त्यात चार माणसं, दोन महिन्यांचं अन्न, पाण्याच्या टाक्या, मोजमापाची यंत्रं, दोरांची भेंडोळी आणि एक संडास. संडासाचा पंप हाताने मारायचा आणि त्याचा आवाज बोटीच्या दोन्ही टोकांपर्यंत जायचा, त्यामुळे कोणाची तब्येत कशी आहे हे न विचारता कळायचं. झोपायला फळ्या तीनच. एकजण कायम पहाऱ्यावर, म्हणून चौथी फळी लागत नाही, असं बोट बांधणाऱ्याचं गणित. एक उठला की दुसऱ्याने त्याच गरम जागेत शिरायचं.

एवढ्या प्रगत देशात शिडाची बोट कशाला, असं माझ्या वडिलांनीही पत्रातून विचारलं होतं. त्यांना जे कळवलं तेच इथे सांगतो. एक तर संशोधनाच्या मोठ्या जहाजावर जागा मिळायला मोठी रांग असते आणि आमचा प्रकल्प छोटा. दुसरं, अलास्काच्या वरचा समुद्र बराच उथळ, त्यात बर्फ. तिथे मोठं जहाज बिचकत जातं. तिसरं कारण खरं महत्त्वाचं. आमचं काम कानाचं होतं. इंजिन बंद करून नुसत्या वाऱ्यावर चालणारी बोट पाण्यात आवाज करत नाही.

मी भूमचा. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, जिथे पाणी म्हटलं की लोकांना टँकर आठवतो. वडील एस.टी. डेपोत टायर बदलायचे. जिल्हा परिषदेची शाळा, मग औरंगाबादला भौतिकशास्त्रात एम.एस्सी., आणि तिथल्या सरांच्या आग्रहाने थेट अमेरिकेत समुद्रविज्ञानाची पीएच.डी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी निघालो तेव्हा डेपोतल्या लोकांनी वर्गणी काढून मला एक प्रेशर कुकर दिला. "तिकडं डाळ शिजत न्हाई म्हणत्यात," हे कारण. डेपोतल्या निम्म्या घरांत त्याच दुकानातला तोच कुकर होता. वडिलांचे जोडीदार गफूरचाचा यांनी तो गोणपाटात गुंडाळून सुतळीने असा बांधला की विमानतळावरच्या माणसाने सुरी मागवली.

आमच्या मोहिमेच्या प्रमुख म्हणजे माझ्या गाईड हेलनबाई. वय पन्नाशीच्या पुढे, केस पुरुषांसारखे कापलेले, बोलणं मोजकं. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "पोहता येतं?"

"विहिरीत येतं, मॅडम."

त्या म्हणाल्या, "चालेल. त्या पाण्यात पोहणाऱ्याला आणि न पोहणाऱ्याला साधारण सारखाच वेळ मिळतो."

आमचं काम असं होतं. समुद्राच्या तळाशी लोखंडाचं जड वजन सोडायचं. आमचं वजन म्हणजे रेल्वेचं जुनं चाक होतं. चाकाला दोर, दोराला यंत्र, आणि सगळ्यात वर पिवळे तरंगते गोळे, तेही पाण्याखालीच. चाक आणि दोर यांच्यामध्ये एक आकडा, म्हणजे हुकूम मिळाला की उघडणारा हूक. यंत्राने वर्षभर बर्फाखाली बसून पाणी किती गार, किती खारं, कुठे वाहतंय हे टेपवर उतरवत राहायचं. पुढच्या उन्हाळ्यात बोटीतून पाण्यात एक ठरावीक आवाज सोडायचा. आकडा तो ओळखतो आणि आवाजानेच "आहे" म्हणतो. उत्तर यायला जितका वेळ, तितकं अंतर. जवळ गेलं की दुसरा आवाज द्यायचा. मग आकडा चाकाला सोडतो आणि गोळे यंत्राला घेऊन वर येतात. रानात सोडलेल्या म्हशीला संध्याकाळी हाक मारावी, तसं. फरक इतकाच की म्हैस येते.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही यंत्र सोडून आलो. दुसऱ्या उन्हाळ्यात ते आणायला निघालो, आणि निघण्याआधी हेलनबाईंनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं, "हिवाळाभराची नोंद मिळाली तर तुझा प्रबंध आहे. नाही मिळाली तर मास्टर्सची पदवी आहे, ती वाईट नसते. दुसरं यंत्र आता मिळणार नाही." मास्टर्सची पदवी तर मी गावाकडूनच घेऊन आलो होतो. भूमच्या शाळेत माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला होता आणि हेडमास्तरांनी माईकवरून 'डॉक्टर होऊनच परत येणार' असं जाहीर करून टाकलं होतं. शाल कोणी परत मागितली नसती. पण डेपोत वडिलांना कोणी ना कोणी रोज विचारलं असतं, हे मला त्या फळीवर झोपताना दिसायचं.

बोटीवरची तिसरी म्हणजे त्या वर्षी नव्याने आलेली मेधा. पुण्याची, समुद्रातल्या सूक्ष्म जिवांचा अभ्यास करणारी. जाळीने पाणी गाळायची आणि बाटल्यांत भरायची. पहिले काही दिवस ती माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलली. मग बेरिंगच्या समुद्रात बोट लागली, आम्ही दोघं कठड्याच्या एकाच बाजूला ओणवे झालो आणि तिच्या तोंडून "आई गं" निघालं. तिथून पुढे मराठी.

"कुकर? रिसर्च बोटीवर कुकर आणलास तू?" माझं सामान बघून ती म्हणाली. "यार सोपान, लोक कॅमेरा आणतात."

"रोज डबाबंद मांस खाशील?"

"मी ॲडजस्ट करते."

"मग कर."

तिने चार दिवस ॲडजस्ट केलं.

आणि चौथा, तोही त्याच वर्षी आलेला, कॅप्टन अर्ल. मेन राज्यातल्या कोळ्यांच्या घराण्यातला, साठीचा, दाढीत कायम कसले तरी कण. शास्त्रज्ञ म्हटला की तो 'डॉक्टर', मग त्याची पदवी झालेली असो वा नसो. मला पहिल्या दिवसापासून "काय डॉक्टर, झोप झाली का", "डॉक्टर, तो दोर तुमच्या पायाखाली आहे" असं चालायचं. मला संकोच वाटायचा, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं. बंदर सोडण्याआधी त्याने आम्हाला समोर बसवून बोटीचे नियम सांगितले. एक हात बोटीसाठी, एक हात स्वतःसाठी. पाणी रोज प्रत्येकी एक मग, धुण्यापुसण्याला. शुक्रवारी निघायचं नाही. केळी आणायची नाहीत. आणि बोटीवर शिट्टी वाजवायची नाही.

"का?" मेधाने विचारलं.

"शिट्टीने वारा येतो. मागितला त्यापेक्षा जास्त येतो. माझ्या आजोबांच्या बोटीवर एका पोऱ्याने वाजवली होती."

"मग काय झालं?"

"म्हणून तर मी नातू होऊनही आजोबांना बघितलं नाही."

हेलनबाई चहाच्या कपात बघत राहिल्या. मी मात्र मनापासून सांगितलं, "कॅप्टन, काळजी करू नका. मला शिट्टी येतच नाही." आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर एस.टी. थांबवणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. पाण्याच्या नियमाचं तर कौतुकच वाटलं. एक मग पाण्यात आंघोळ करून उरलेल्यात बनियन पिळून घ्यायचो. हेलनबाईंनी एकदा विचारलं, हे कुठे शिकलास. म्हटलं, "भूमला, मॅडम. तिथे एवढ्यात दोघं करतात."

मेधाचं ॲडजस्ट करणं संपलं त्या दिवशी दुपारी मी कुकर लावला. बोटीतली शेगडी झुल्यावर टांगलेली असते, बोट कितीही कलली तरी ती सरळ राहते. कुकर त्यावर छान बसला. वारा मध्यम, बोट झोकात चाललेली. मेधा ताटल्या काढत होती. आणि कुकरने आपल्या स्वभावानुसार दणदणीत शिट्टी दिली.

वर डेकवर काहीतरी आपटलं. कॅप्टन शिडीवरून उतरला नाही, पडलाच. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. मागाहून कळलं की त्याला इंजिनाच्या खोलीत वाफ फुटली असं वाटलं होतं.

"ते काय होतं?"

"डाळ," मी म्हणालो.

"डाळ शिट्टी वाजवते?"

"डाळ नाही, कॅप्टन. कुकर. वर ते वजन आहे ना, वाफ दाटली की ते उचलतं आणि..."

तेवढ्यात दुसरी झाली. कॅप्टन मागे सरकला आणि त्याचं डोकं तुळईला लागलं. हेलनबाई फळीवरून उठून बसल्या आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "हे किती वेळा होणार आहे?"

"तुरीला तीन," मेधा म्हणाली.

आता मी आहे समुद्राचा विद्यार्थी. वारा कशाने येतो हे मला शिकवलेलं होतं. पण त्या संध्याकाळी जे वादळ आलं ते आलं. जेवण राहिलं बाजूला, आम्ही शिडं उतरवत होतो. दुसऱ्या दिवशी समुद्र निवल्यावर कॅप्टन खाली आला, कुकरपुढे उभा राहिला, त्याने दोन बोटांनी वरची शिट्टी उचलली आणि जॅकेटच्या आतल्या खिशात घालून चेन लावली.

"कॅप्टन, त्याच्याशिवाय तो नुसता डबा आहे," मी म्हणालो.

"डब्यांवर माझा आक्षेप नाही, डॉक्टर."

पुढचे तीन आठवडे आम्ही जी डाळ खाल्ली तिला डाळ म्हणणं हा डाळीचा अपमान होईल. गॅस मोजकाच, पातेलं उघडं, पाणी गार. दाणा दाताखाली टणक लागायचा. "सोपान, ही तू शिजवली की नुसती दाखवली?" मेधा विचारायची. हेलनबाई चावत बसायच्या.

वाटेत एका किनाऱ्यावरच्या गावात आम्ही पाणी भरायला थांबलो. तिथल्या मूळच्या लोकांतली एक म्हातारी माझ्याकडे टक लावून बघत होती. मग जवळ येऊन तिने इंग्रजीत विचारलं, "तू कोणाचा?" कॅप्टन सांगायला लागला की हा भारतातून आलाय. तिने त्याला हाताने गप्प केलं आणि मला पुन्हा विचारलं, "कोणाचा?" मी वडिलांचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं. तिने ओळख पटल्यासारखी मान हलवली आणि मला वाळवलेला मासा दिला. बाकी तिघांना दिला नाही. अमेरिकेत इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न भूमसारखा मला दुसऱ्या कोणीच विचारला नाही.

आणि मग आम्ही आमच्या जागेजवळ पोचलो. पोचलो म्हणजे जवळजवळ. आधी धुकं आलं. असं की डेकच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावरचा माणूस दिसेना. मग कोणाचं तरी टाकून दिलेलं मासे पकडायचं जाळं बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंतलं आणि इंजिन एक आचका देऊन बंद पडलं. कॅप्टनने बांबूला सुरी बांधून तासन्‌तास खाली खुपसून पाहिलं. जाळं नायलॉनचं, पाणी बर्फाचं. शेवटी तो म्हणाला, "हे किनाऱ्याला लावूनच निघेल. आता शिडं."

आणि वारा पडला. समुद्र ताटलीसारखा झाला. शिडं ओल्या धोतरासारखी लोंबायला लागली.

मी पाण्यात आवाज सोडला आणि कानाला हेडफोन लावला. उत्तर आलं. वर्षभर बर्फाखाली राहून ते यंत्र "आहे" म्हणालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेधा म्हणाली धुक्याने आलं असेल. पण अंतर दोन-अडीच मैल होतं. आणि पुढच्या वेळी आवाज सोडला तर आणखी जास्त. प्रवाह आम्हाला उत्तरेला, बर्फाच्या दिशेने नेत होता. बर्फ दिसत नव्हता, पण ऐकू येत होता, दूर कुठे तरी कपाटं सरकवल्यासारखा.

"इथूनच सोडायला सांगू का, मॅडम? वर तरी येईल," मी हेलनबाईंना म्हणालो.

"येईल. धुक्यात, अडीच मैलांवर. मग ते सायबेरियाला जाईल आणि तिथला कोणी तरी तुझ्यावर प्रबंध लिहील."

आकड्याच्या बॅटरीला वर्ष होऊन गेलं होतं. उत्तर दर वेळी थोडं क्षीण वाटायचं, किंवा मला तसं वाटायचं. एक दिवस गेला. दुसरा दिवस उजाडला म्हणता येणार नाही, कारण तिथे त्या दिवसांत अंधार असा होतच नव्हता. कॅप्टन सुकाणूपाशी बसून होता. बोटीला ढकलता येईल का असं बघत असल्यासारखा. माझ्या एक गोष्ट लक्षात आली. त्याने मला डॉक्टर म्हणणं बंद केलं होतं. "सोपान, कॉफी घे" म्हणाला. त्याला माझी दया येत होती, आणि ते मला बर्फाच्या आवाजापेक्षा वाईट वाटलं.

दुपारी तो खाली आला. आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो होतो. त्याने जॅकेटची चेन उघडली, आतल्या खिशात हात घातला आणि शिट्टी टेबलावर ठेवली.

"लाव," तो म्हणाला.

मी अर्धवट उठलो.

"पण कॅप्टन, तुम्हीच तर..."

"मी काय म्हणालो होतो ते मला पाठ आहे. लाव."

मी हेलनबाईंकडे बघितलं. त्या शास्त्रज्ञ होत्या, नावाजलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सोपान, या मोहिमेसाठी मी किती समित्यांपुढे हात जोडले आहेत तुला माहीत नाही. एका कुकरपुढे जोडायला माझी काही हरकत नाही."

मी कुकरात पाणी ओतलं आणि झाकण लावायला घेतलं. मेधाने माझा हात धरला.

"अरे, डाळ?"

"डाळ कशाला? शिट्टी पाहिजे ना नुसती."

"नुसतं पाणी उकळणार? खोटं खोटं?" ती खरंच चिडली होती. "लावायचा तर नीट लाव. मी दोन वाट्या धुऊन देते. हळद कुठंय?"

ही मेधा देवळात जात नसे आणि तसं सांगतही असे. पण विधी अर्धवट केलेला तिला चालत नव्हता. तिने डाळ धुतली, हळद घातली, हिंग घातला, वर थोडं तेल सोडलं. कॅप्टन टोपी काढून उभा होता.

"ही काय म्हणते आहे?" त्याने मला विचारलं.

"हळद घालायला सांगते आहे."

"त्याने किती फरक पडतो?"

"चवीला पडतो, कॅप्टन."

तो थोडा घुटमळला. "हे बघ, एकच. छोटीशी."

"कॅप्टन, छोटी-मोठी असं नसतं. तो त्याच्या मनाने देतो."

"एकीत शिजणार नाही," मेधा म्हणाली.

"बाई, मला डाळीचं काही पडलेलं नाही!"

कुकर सुरू झाला. आम्ही चौघं त्याच्याकडे बघत बसलो. त्यात दोन पीएच.डी. करणारे, एक पीएच.डी. झालेल्या. वाफ फुसफुसायला लागली, वजन थरथरलं, आणि त्या गप्प समुद्रावर, त्या धुक्यात, भूमच्या डेपोने दिलेल्या कुकरने शिट्टी दिली. दूरच्या बर्फाचाही आवाज थांबल्यासारखा वाटला.

कॅप्टन वर गेला. आम्ही कान देऊन होतो. मग डोक्यावर दोराची कडी खांबावर एकदा टकटकली. मग पुन्हा. मग बोट किंचित कलली आणि शेगडी झुल्यावर सरकली.

इथे मला एक मतभेद नोंदवला पाहिजे. मेधा आता इकडेच अमेरिकेत, एडिसनला असते आणि दर दिवाळीला तिचा फोन येतो. तिचं म्हणणं, कडी आधी वाजली आणि शिट्टी नंतर. "सोपान, आय वॉज देअर. वारा ऑलरेडी आला होता." मीही तिथेच होतो. आधी शिट्टी. अनेक दिवाळ्या हा वाद चालू आहे आणि दोघांपैकी कोणीही हटत नाही.

वर कॅप्टन आनंदाने ओरडला. शिड फडफडून भरलं. बोट चालायला लागली. मी हेडफोन लावून आवाज सोडत अंतर सांगत होतो, साडेतीन मैल, तीन. आणि कुकर, ज्याच्याकडे आता कोणाचंच लक्ष नव्हतं, त्याने दुसरी दिली.

"पुरे!" वरून आवाज आला. "एवढा बास आहे!"

मेधाने धावत जाऊन गॅस बंद केला. पण गॅस बंद केल्यावरही कुकर एखादी शिट्टी देतोच. हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही, पण मेनच्या कोळ्याला कोण समजावणार? तिसरी झाली तेव्हा बोट एवढी कलली की हेलनबाई माझ्या मांडीवर आल्या.

"बंद करा म्हटलं ना!"

"बंदच आहे!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

वारा चढत गेला. कॅप्टन शिव्या देत शिड लहान करत होता, मेधा त्याला दोर ओढू लागत होती. पण त्या वाऱ्याने एक काम केलं. धुकं फाटलं. आधी ठिगळासारखं निळं दिसलं, मग पाणी दिसलं, मग उत्तरेला बर्फाची पांढरी रेघ, आम्हाला वाटत होती त्यापेक्षा बरीच जवळ. आकड्याचं उत्तर आता जवळून येत होतं. हेलनबाईंनी मान हलवली आणि मी दुसरा आवाज सोडला. सोड.

काही झालं नाही. पुन्हा सोडला. लाटा वाढत होत्या आणि आम्ही सगळे चार दिशांना बघत होतो. मला हेडमास्तर दिसत होते, माईक हातात धरलेले.

"ए सोपान! पिवळं! डावीकडे, डावीकडे!" मेधा मराठीत किंचाळली. कॅप्टनला शब्द कळला नाही, पण तिने रोखलेलं बोट कळलं. त्याने सुकाणू फिरवलं. पहिल्या फेरीत गोळे हातभर अंतरावरून निसटले. दुसऱ्या फेरीत मी कमरेचा पट्टा दोराला अडकवून डेकवर पालथा पडलो, डोक्यावरून लाट गेली, आणि टोकाला गळ असलेल्या लांब काठीत दोर अडकला. मी तो दोर असा धरला की नंतर माझी बोटं सोडवायला दोघं लागले. यंत्र वर आलं. त्याला शेवाळ होतं, कसले कसले शिंपले चिकटले होते, म्हशीला चिखल असतो तसे. मेधाने शिंपले खरवडून लगेच बाटलीत भरले.

मी ओला, कापत बसलो होतो. कॅप्टन एका हाताने सुकाणू धरून उभा होता. त्याने दुसरा हात माझ्यापुढे पसरला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "शिट्टी."

मी खाली जाऊन, गरम होती ती फडक्यात धरून, आणून दिली. त्याने ती खिशात घालून चेन लावली. मग आम्ही वरण-भात खाल्ला. डाळ अशी मऊ झाली होती की चमचा बुडत होता. कॅप्टनने तीन वेळा घेतला आणि प्रत्येक वेळी कुकरकडे एकदा बघून घेतलं.

यंत्र अलास्कातल्या नोम बंदरात परत आल्यावर उघडलं. टेप मार्चच्या सुमारास अडकली होती. पण हिवाळा सगळा होता. माझा प्रबंध त्या हिवाळ्यावर झाला. ऋणनिर्देशात मी डेपोतल्या लोकांच्या कुकरचे आभार मानले होते. हेलनबाईंनी लाल पेनाने बाजूला लिहिलं: 'कुकर न लावता वारा येतो का, हे तपासलेलं नाही. काढून टाक.' मी काढून टाकलं. ते मला अजून लागतं, म्हणून इथे लिहिलं.

पदवी घेऊन भूमला गेलो तेव्हा डेपोत चहा झाला. शाल पुन्हा दिली, हेडमास्तर पुन्हा बोलले. मग गफूरचाचांनी हळूच विचारलं, "कुकर चालतोय न्हवं?"

मी सगळं सांगितलं. कॅप्टन, शिट्टी, धुकं, गोळे. पंक्चर काढणारी पोरंही हातातलं काम टाकून ऐकायला लागली. समुद्र कुणी पाहिला नव्हता, पण एकानेही असं कसं होईल म्हटलं नाही. वडील फक्त म्हणाले, "म्हंजी शिट्टी त्या कॅप्टनपाशीच ऱ्हायली?"

"हो. त्याने परत दिलीच नाही. मीही मागितली नाही."

गफूरचाचा उठून कुठे तरी गेले. चहाचे कप गोळा होईपर्यंत परत आले आणि त्यांनी माझ्या हातात एक शिट्टी ठेवली. अजून कोमट होती.

"तुझ्याला बसंल. येकाच दुकानातली हाय."

"चाचा, आणि चाची? त्यांची डाळ?"

"ती शिजवंल पातेल्यात. इथं वाऱ्याचं काय अडलंय?"

ती शिट्टी आज नेपरव्हिलला आमच्या स्वयंपाकघरात आहे. कुकर दोनदा बदलला, पण नवे घेताना मी ती सोबत नेऊन बसते का बघूनच घेतले. वर्षभर बायको ती वापरते. फक्त जानेवारी-फेब्रुवारीत टीव्हीवर हिमवादळाचा इशारा आला की मी उठतो, ती काढतो आणि स्वेटरच्या खिशात घालतो.

"अहो, डॉक्टरेट नक्की कशात केलीत तुम्ही?" ती विचारते. "आणि वरण कशात करू?"

"पातेल्यात," मी म्हणतो.